बसून शिकवणारी ताई: एका नर्तकीच्या गुडघ्याचं प्रकरण

हे माझ्या गुरुभगिनीचं प्रकरण आहे. तिला विचारूनच लिहितेय, तिने सगळं वाचलंय, फक्त नाव घालू नकोस म्हणाली, कारण क्लासच्या पालकांमधे चर्चा सुरू होते आणि मग एकेक मूल कमी व्हायला लागतं. आम्ही दोघी दादरला एकाच सरांकडे भरतनाट्यम शिकलो, ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी पुढे नाचणं कमी करत नट्टुवांगमकडे वळले, म्हणजे झांजा वाजवत बोल म्हणायचं काम, त्यामुळे गेली बारा-तेरा वर्षं तिच्या प्रत्येक कार्यक्रमात मी स्टेजच्या कडेला बसलेली असते आणि तिचे पाय मला जितक्या जवळून दिसतात तितके कोणालाच दिसत नाहीत. तरी मला वेळेवर कळलं नाही. म्हणूनच हे लिहायचंय.

आधी ती कोण ते सांगते. लालबागच्या चाळीतली मुलगी, वडील बेस्टमधे कंडक्टर, घरात गाण्या-नाचाचं काहीच नाही. शाळेच्या गॅदरिंगमधे बाईंनी हिचं नाचाचं अंग बघितलं आणि आईला सांगितलं की हिला कुठेतरी घाला, म्हणून सातव्या वर्षी दादरच्या क्लासात आली. अरंगेत्रम, म्हणजे स्टेजवरचा पहिला पूर्ण एकटीचा कार्यक्रम, २००३ साली झालं, त्यासाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं आणि ते फेडायला तीन वर्षं लागली, ही गोष्ट ती आजही विसरलेली नाही. मग बी.कॉम., गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, एका खासगी बँकेत बॅक ऑफिसची नोकरी, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून कांदिवलीला भाड्याचं घर, नंतर लग्न. २०१२ मधे, सत्तावीस वर्षांची असताना तिने नोकरी सोडली. नुसतं नाचायचं ठरवलं. सरांनी तेव्हा तिला एकच विचारलं, क्लास किती घेणार? तिला वाटलं सर मिळकतीची काळजी करतायत. मला आता वाटतं सर दुसरंच काहीतरी विचारत होते.

कारण मुंबईत नुसतं नाचून कोणाचं भागत नाही. एका कार्यक्रमाला गायिका, मृदंगम, व्हायोलिन किंवा बासरी, नट्टुवांगमला मी, मेकअपवाला, कपड्यांची इस्त्री, वाद्यं आणायला-न्यायला टॅक्सी. मानधन आलं तर ते आधी आम्हा सगळ्यांत वाटलं जातं आणि तिच्या हातात घरी जायचं भाडं उरतं, कधी तेही नाही. गणपतीत मंडळं बोलावतात, पाच मिनिटांची गणेशवंदना करा म्हणतात, शाल-श्रीफळ देतात आणि खाली फळ्या हलत असतात. म्हणजे नाचाचा खर्च क्लासवर चालतो. २०१९ ला तिच्या आठवड्याला नऊ बॅच होत्या, दोन कांदिवलीत सोसायटीच्या हॉलमधे, चार मालाडच्या एका शाळेत, तीन गोरेगावला, मिळून सत्तरच्या आसपास मुली. खाली सगळीकडे लादी. शाळेत जुनी मोझॅक, सोसायटीत ती गुळगुळीत चकचकीत टाइल.

आणि मग लॉकडाऊन आलं.

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे आणि कोणी त्याकडे बघतच नाही. आमच्याकडे शिकवताना गुरूच्या हातात तट्टुकळी असते, लाकडी दांडा, आणि समोर लाकडाचा ठोकळा. गुरू ताल ठोकतो, बोल म्हणतो, मुलं नाचतात. ऑनलाइन क्लासमधे हे जमेचना, आवाज पोचायला जरा उशीर होतो, प्रत्येक मुलीकडे वेगळा उशीर, मग ठोका इकडे आणि पाय तिकडे. सगळ्यांना म्यूट करून ठेवायचं आणि आपण स्क्रीनसमोर पूर्ण नाचून दाखवायचं, मुली बघून करणार, एवढाच मार्ग उरला. हाताने पाठ सरळ करता येत नाही, गुडघा बाहेर ढकलता येत नाही, तेव्हा परत दाखव, परत दाखव, जरा मागे जाऊन दाखवा ताई पाय दिसत नाहीत. दीड वर्ष तिने घरच्या हॉलमधल्या टाइलवर, सोफा भिंतीला लावून, नऊच्या नऊ बॅच स्वतः नाचून शिकवल्या. फी थांबली असती तर घरभाडं थांबलं असतं, त्यामुळे तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

२०२१ च्या शेवटी क्लास हळूहळू प्रत्यक्ष सुरू झाले पण ती सवय राहिली. मुलींनाही सवय लागली होती, ताई नाचल्याशिवाय पाय उचलत नव्हत्या.

दुखणं पहिल्यांदा जाणवलं ते कांदिवली स्टेशनच्या पुलावर. चढताना काही नाही, उतरताना उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे कळ. मग जेवायला मांडी घालून बसून उठताना. मग रिक्षात पाऊण तास बसल्यावर. तिने मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले? म्हणाले, थंडीचं होतं असं, तेल लाव, गोळी घे. हे मी लपवणार नाही. आमच्या पिढीला हेच शिकवलेलं, नाचायचं तर दुखणारच. सर आमच्या मांड्या हाताने खाली दाबायचे, अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धं बसायचं ते, अजून खाली, अजून खाली. माया होती त्यात खूप, पण ते चुकीचं होतं, आज मी कुठल्याही मुलीची मांडी दाबत नाही.

फेब्रुवारी २०२२ मधे तिचा कार्यक्रम होता, जवळजवळ दोन वर्षांनी प्रेक्षकांसमोर. गोळी घेऊन नाचली. वर्णम, कार्यक्रमातली सगळ्यात मोठी रचना, चाळीस मिनिटांचं, ते पार पडलं. तिल्लाना म्हणजे शेवटची वेगवान रचना, त्यात अखेरीकडे मंडी अडवू येतात, पूर्ण खाली बसून गुडघा टेकवत उठायचं. तिसऱ्यांदा खाली गेली आणि उठताना तिचा उजवा हात एका क्षणासाठी जमिनीला लागला. बसलेल्यांना तो नाचाचाच भाग वाटला असेल. मला कळलं. मी तीर्मानम, म्हणजे बोलांचा पुढचा तुकडा, सुरू करायच्या ऐवजी एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, नुसतं झांजेवर घेतलं, मृदंगमवाल्या दादांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता तेही थांबले, तेवढ्यात ती उभी राहून समेवर आली. टाळ्या पडल्या. विंगेत आल्यावर तिने घुंगरू सोडायलासुद्धा वाकता येत नाही म्हणून मला हाक मारली, मी तिच्या पायाशी बसून ते सोडले, आणि आम्ही दोघीही काही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात ऑर्थोपेडिककडे. एमआरआय झाला, गुडघ्याच्या वाटीच्या मागची कूर्चा मऊ पडलीय, दुसऱ्या ग्रेडची झीज. डॉक्टर म्हणाले नाच बंद करा, जिने टाळा, भारतीय बैठक टाळा. पाच मिनिटांत संपलं. किती नाचता, कसं नाचता, कशावर नाचता, एक प्रश्न नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाला जिने टाळा सांगायचं म्हणजे लोकल सोडा सांगण्यासारखं आहे, आणि सदतीस वर्षांच्या नर्तकीला नाच बंद करा म्हणजे काय ते मी लिहीत नाही. ती परतीच्या ट्रेनमधे लेडीज डब्याच्या दाराशी तोंड करून उभी राहिली आणि बोरिवली आलं तरी तिला कळलं नाही, कांदिवली मागे गेलेलं.

घरात सासूबाई म्हणाल्या, बास झालं आता, मिळवलंस की सगळं. त्यांनी वाईट मनाने नाही म्हटलं. आमच्या क्षेत्रातली माणसं दुसऱ्या टोकाला, जो तो सुधा चंद्रनचं नाव घ्यायचा. १९८१ मधे अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून १९८४ मधे त्या परत स्टेजवर आल्या, मुंबईचीच मुलगी, आणि तू एका गुडघ्याला काय घाबरतेस. मला सुधाताईंबद्दल फार आदर आहे, लहानपणी आमच्या क्लासात त्यांचं कात्रण लावलेलं होतं. पण जिद्दीचं उदाहरण देऊन दुखणाऱ्या माणसाला गप्प करणं हे मला पटत नाही. हिची जिद्द कमी नव्हती. जिद्द जास्त होती म्हणूनच तर इथवर आलं.

मग एकीने शिवाजी पार्कच्या बाजूच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव सुचवलं, त्या मुख्यतः धावणाऱ्या आणि कबड्डीच्या मुलांवर काम करतात, भरतनाट्यम त्यांनी फक्त टीव्हीवर बघितलेलं. मी बरोबर गेले. त्यांनी एमआरआय बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्या वयाच्या न नाचणाऱ्या बऱ्याच लोकांचा एमआरआय काढला तर असंच काहीतरी दिसेल, मला तुमचा आठवडा लिहून आणून द्या. सोमवार ते रविवार, किती वाजता, कुठल्या जमिनीवर, किती वेळ, काय केलं.

त्यांनी पोटावर झोपवून, गुडघा वाकवून पाय फिरवून बघितले. खुब्यातून मांडी बाहेर वळण्याची तिची क्षमता उजवीकडे डाव्यापेक्षा कमी आहे. पण अरमंडीत तर दोन्ही पावलं सारखीच उघडी दिसायला हवीत ना, मग पाऊल जमिनीवर रेटून जास्त उघडायचं, आणि खुबा देत नाही ते सगळं वळण मधे गुडघ्याने सोसायचं. पंचवीसहून जास्त वर्षं. अरमंडीत गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत यायला हवी, तिची आत पडत होती, आणि इतकी वर्षं समोर बसून मला हे दिसलं नव्हतं कारण मी पावलांकडे आणि तालाकडेच बघत होते.

आता ठोक्यांचा हिशोब. हा मी केला, कारण बोल मला पाठ आहेत. अगदी पहिला तट्टडवू घ्या, म्हणजे अरमंडीत पाय आपटायचा सगळ्यात साधा प्रकार, तैया तै ही. आठ मात्रांच्या आदितालाच्या एका आवर्तनात पहिल्या काळात, म्हणजे संथ लयीत, ८ ठोके, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात ३२, मिळून ५६. प्रत्येक काळात दोन आवर्तनं केली तर ११२. नऊ बॅच म्हणजे आठवड्याला १००८. हे फक्त पहिल्या तट्टडवूचे, असे आठ प्रकार आहेत, मग नाट्टडवू, मग बाकीचे, मग परत दाखवा ताई. आणि हे सगळं अनवाणी, टाइलवर, पूर्ण अरमंडीत. तिच्या स्वतःच्या रियाजाचा आकडा काढला तर तो या सगळ्याच्या चौथ्या हिश्शाएवढाही भरेना. मी कागद तिच्यासमोर ठेवला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे मी माझ्यासाठी नाचलेच नाहीये.

मला या प्रकरणात एवढंच सांगायचं होतं खरं तर. तिचा गुडघा नाचाने गेला नव्हता, नाच चालू ठेवायला जे करावं लागतं त्याने गेला होता.

आणि आमच्याच परंपरेत याचं उत्तर होतं. तंजावरकडचे नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे आणि नट्टुवांगम करणारे गुरू, बसून शिकवायचे. माटुंग्यात १९४५ साली राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू झालं, महालिंगम पिळ्ळैंसारख्या गुरूंनी ते रुजवलं, त्या शिकवण्यात मुख्य होता गुरूचा कान, तट्टुकळी आणि बोल. अभिनयसुद्धा बसून, हातांनी आणि डोळ्यांनी दाखवायचा. दर बॅचला गुरूने घाम गाळून नाचायचं ही सवय आत्ताची, आमची. पण नुसतं बस म्हणून बसता येत नाही, त्याचंही कारण आहे. गुरू बसला तर पुढे उभं राहून दाखवायला वरच्या वर्गाची मुलगी लागते, आणि आपल्याकडे मुली दहावीपर्यंतच टिकतात. परीक्षा दिल्या, शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण दहावीला मिळाले, की संपलं, अकरावीला क्लासेस, पुढे प्रवेश परीक्षा. तिच्या सत्तर मुलींत सोळा वर्षांवरच्या फक्त चार होत्या. पालकांवर मी चिडत नाही, एवढ्याशा गुणांवर कॉलेज बदलतं हे त्यांना माहीत असतं. पण त्या गुणांची किंमत शेवटी शिकवणारीच्या गुडघ्यांनी मोजलीय हे कोणीतरी म्हणायला हवं.

मॅडमनी नाच बंद केला नाही. सहा आठवडे ठोका नाही, मंडी नाही, पण हात, नजर, अभिनय रोज. व्यायाम दिले ते बघायला काहीच वाटत नाहीत, पाठीवर झोपून कंबर उचलायची, कुशीवर झोपून गुडघा उघडायचा, एका पायरीवरून सावकाश खाली उतरायचं, एका पायावर टाचा उचलायच्या. नियम एकच होता, दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, त्यावर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त वाटलं तर मागे या. पहिल्या महिन्यात तिने दोनदा फसवलं, दुखत असताना नाही म्हणाली, आणि दोन्ही वेळा आठवडाभर मागे गेली. अरमंडी थोडी वर घेतली आणि पावलं थोडी बंद केली, खुबा जेवढं देतो तेवढंच. हे तिला सगळ्यात जड गेलं. व्हिडिओत स्वतःला बघून म्हणाली, सर असते तर उठून गेले असते. सर २०१६ ला गेले. मला वाटतं सर आधी रागावले असते आणि मग बघत बसले असते, कारण अरमंडी वर आली पण ठोका आधीपेक्षा स्वच्छ वाजायला लागला होता.

क्लासचं असं केलं. नऊच्या सहा बॅच. सोळा वर्षांवरच्या त्या चारातल्या दोन कॉलेजच्या मुलींची फी माफ, उलट दर महिन्याला थोडे पैसे त्यांच्या हातात, त्यांनी पुढे उभं राहून दाखवायचं. ताई खुर्चीवर नाही, खाली चटईवर भिंतीला टेकून, पाय लांब करून, हातात तट्टुकळी. मालाडच्या शाळेत एकमेकांत अडकणाऱ्या जाड रबरी मॅट स्वतः विकत घेऊन टाकल्या. योगा मॅट कोणी वापरू नका, सरकते आणि पाऊल अडकून गुडघा पिळतो. मिळकत जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झाली, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नवऱ्याची नोकरी होती म्हणून झेपलं, ज्यांच्या घरात दुसरी मिळकत नाही त्यांना हे असंच्या असं जमणार नाही. वर काही पालकांनी विचारलंच, ताई आता बसूनच असतात, मग फी तेवढीच कशी? पाच मुली गेल्या. एक आजोबा मात्र एकदा क्लास संपेपर्यंत दाराशी उभे होते आणि म्हणाले, आमच्या भजनीबुवांचंही असंच असायचं, बसायचे पण चूक सुटायची नाही.

रिकाम्या झालेल्या संध्याकाळी ती काय करायची तर वाचायची. तंजावरच्या मराठा राजांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांची, १७९८ ते १८३२ राज्य केलं त्यांची, मराठी निरूपणं, एका कथेवर सलग बांधलेल्या नृत्यरचना. भरतनाट्यमचं मराठी साहित्य आहे हेच आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. आचार्य पार्वतीकुमारांनी, कोकणातून मुंबईत आलेल्या माणसाने, ते परत उभं केलं, त्यांच्याकडे शिकलेल्या सुचेता भिडे-चापेकरांनी पुढे नेलं. आमच्या सरांकडे आम्ही तेलुगू, तमिळच शिकलो, अर्थ विचारून घ्यायचो. लालबागच्या मुलीला अडतिसाव्या वर्षी कळलं की आपल्या भाषेत नायिका आहे, रुसते, बोलते, आणि त्यासाठी मंडी अडवूंची गरज नाही. केंद्र सरकारची कलाकारांसाठीची ज्युनियर फेलोशिप चाळीस वर्षांपर्यंत मिळते, दोन वर्षं महिन्याला १०,००० रुपये, तर तिने याच विषयावर अर्ज केला. नाही मिळाली. परत केला, तेव्हाही नाही. आता चाळीस उलटली, पुढे सीनियर, महिन्याला २०,०००, त्यासाठी तयारी चालू आहे.

पूर्ण वर्णम परत नाचायला तिला आठ महिने लागले. ऑक्टोबर २०२२ मधे तालमीत पहिल्यांदा सलग झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला, दोन. बाकी काही नाही, नुसतं दोन. दहापैकी दोन.

त्यानंतर तिने दोन तासांचं पूर्ण मार्गम, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या रचनांचा क्रम, केलेलं नाही. पन्नास-पंचावन्न मिनिटांचा कार्यक्रम करते, वर्षाला तीन-चारच, लाकडी स्टेज असेल तरच, आयोजकांना फोनवर आधी तेच विचारते आणि काही जणांना राग येतो. तिल्लाना करते पण मंडी अडवू काढून. त्या जागी मी आता ठरवूनच एक आवर्तन नुसत्या झांजेवर घेते, ती उभी राहून फक्त मान आणि डोळे फिरवते, मृदंगमवाले दादा थांबतात. परवा तालमीला बसल्या बसल्या तिच्या दाखवणाऱ्या मुलीने विचारलं की ताई ही जागा सरांनी बसवलेली का, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, नाही गं, ही तुझ्या मावशीची आहे.